चलन, ग्रह, न्यास: हे शब्द नक्की कुणाचे? गवयाचे, ज्योतिषाचे की बँकेचे?

निवृत्त_रोखपाल (मिरज)

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण लांबण लावून विचारतो. रिटायर माणसाकडे दुसरं काय असतं!

बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी रोखपालाच्या पिंजऱ्यात. 'चलन' हा शब्द दिवसातून शंभरदा कानावर पडायचा, तोही दोन अर्थांनी. एक, खिडकीच्या फटीतून आत सरकवलं जाणारं कागदाचं चिठोरं. "चलन भरलं का?", "चलनावर सही राहिली की हो", "नोटांचा तपशील चलनाच्या मागे लिहा". दुसरा अर्थ म्हणजे खुद्द पैसा. २०१६ च्या नोव्हेंबरात पाचशे-हजाराच्या नोटा चलनातून बाद झाल्या, तेव्हा लोक चलन भरून चलनाबाहेरचं चलन जमा करत होते. हे वाक्य मी तेव्हा काउंटरवर बोलून दाखवलं होतं, कुणी हसलं नाही. रांग पार पानपट्टीपर्यंत गेली होती, हसणार कोण?

२०१८ ला सुटलो. सहा महिने घरात बसून सगळ्यांना वैताग दिल्यावर मुलीने गाण्याच्या क्लासला घातलं. आमच्या बाई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, मला काका म्हणतात, पण सुराच्या बाबतीत काकाबिका काही नाही. चार महिने नुसता भूप. सा रे ग प ध, बस्स. मग एके दिवशी म्हणाल्या, "काका, आता देसकार घेऊ. स्वर तेच, चलन बदलायचं."

खरं सांगतो, माझा हात आपोआप वरच्या खिशातल्या पेनाकडे गेला.

भूपाचे पाच स्वर, देसकाराचेही तेच पाच. एकही जास्त नाही, कमी नाही. पण चालण्याची ढब, म्हणजेच चलन, वेगळं. भूप खालच्या अंगाने चालतो, गंधारावर रेंगाळतो, संध्याकाळचा. देसकार सकाळचा, त्याचा सगळा जीव धैवतात, वरच्या सा च्या आसपास वावरतो. मी गंधारावर जरा जास्त टेकलो की बाई पेटीवरचा हात उचलायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "काका, भूपात गेलात." एका सकाळी अकरा वेळा गेलो. मोजायची सवय आहे, काय करणार.

तिसरं चलन आकाशातलं. नातवाच्या शाळेच्या मैदानावर आकाशदर्शन होतं, तिथल्या मुलाने 'अयनचलन' समजावून सांगितलं. वसंतसंपाताचा बिंदू (मार्चमध्ये दिवस-रात्र सारखी होते तेव्हा सूर्य असतो ती जागा) तारकांच्या मागच्या पडद्यावर वर्षाला साधारण ५०.३ विकला मागे सरकतो. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. ७२ वर्षांत जेमतेम एक अंश, पूर्ण फेरीला पावणेसव्वीस हजार वर्षं. म्हणूनच उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होतं आणि आपली संक्रांत मात्र १४-१५ जानेवारीला पडते, मध्ये चोवीसेक दिवसांची दरी. मी घरी येऊन हिशेब मांडला. माझा जन्म १९५८ चा. माझ्या अख्ख्या हयातीत तो बिंदू एक अंशही सरकलेला नाही! हात लांब करून करंगळी आकाशासमोर धरली तर तिची जाडी साधारण एक अंश भरते. म्हणजे आपलं सगळं आयुष्य एका करंगळीआड.

आता मूळ प्रश्न. परीक्षेच्या शास्त्राच्या वहीत 'ग्रह, अंश, न्यास' असे तीन शब्द आलेत. गाणं ज्या स्वरावरून उचलायचं तो ग्रह, ज्याचं राज्य चालतं तो अंश, जिथे विसावायचं तो न्यास. माझ्यासाठी अंश म्हणजे लाभांश, न्यास म्हणजे ट्रस्टचं खातं (त्याला ठराव लागतो, विश्वस्तांच्या सह्या लागतात, आणि एक विश्वस्त कायम गावाला गेलेला असतो), आणि ग्रह म्हणजे ग्रह. क्लासमधल्या एका गृहस्थांनी ग्रुपवर तक्ता टाकलाय: शनीचा स्वर अमुक, मंगळाचा तमुक, साडेसाती असेल तर हा राग ऐका. ग्रह स्वराचा अर्थ हाच, असं त्यांचं ठाम म्हणणं. माझ्या मनाला पटत नाही, पण खोडून काढायला पुरावाही नाही.

तर, हे शब्द योगायोगाने सारखे आहेत की आत काही नातं आहे? आणि असे आणखी कोणते?

टेलचा_शेतकरी

रोखपालसाहेब, तुमच्या यादीत 'आवर्तन' टाका. तुमच्याकडे तालाचं आवर्तन, बँकेत आवर्ती ठेव, आमच्याकडे आवर्तन म्हणजे कालव्याचं पाणी. "उन्हाळी आवर्तन कधी सुटणार" याच्यावर आमच्याकडे निवडणुका होतात.

मी भजनात पखवाज वाजवतो. भजनी ठेका आठ मात्रांचा, कितीही आडवंतिडवं वाजवा, आठ मात्रा झाल्या की सम, म्हणजे पहिली मात्रा, हजर. कालव्याच्या आवर्तनाला सम नाही. वरचे लोक रात्री इंजिनं टाकतात आणि टेलला, म्हणजे आमच्यापर्यंत, नुसता ओला पाट येतो. हे लिहून घ्या कुठंतरी.

दुसरा शब्द रास. तुमची रास कोणती म्हणून विचारतात ती, आणि खळ्यावरची ज्वारीची रास, शब्द एकच: ढीग. हिंदीवाले पैशालाही राशी म्हणतात. माझे आजोबा रास मोजायचे तेव्हा पहिलं माप कधी 'एक' म्हणायचे नाहीत, "लाभ" म्हणायचे. लाभ, दोन, तीन, चार... मी लहानपणी शाळेतही 'लाभ'पासून आकडे म्हटले आणि मार खाल्ला होता. तुमच्या लाभांशावरून आठवलं.

भाव तर आहेच. कांद्याचा भाव, भजनातला भाव, पत्रिकेतले बारा भाव. पत्रिकेतले तेवढे कधी पडत नाहीत.

(एक सावधगिरी: रास्त भाव दुकानातलं 'रास्त' फारसी आहे, त्याचा राशीशी संबंध लावू नका. मी लावला होता, मास्तरांनी सुधारलं.)

तिरकीट_ठाणे

मंद, मंद्र, मंदी! शनीला संस्कृतात मंद म्हणतात, कारण त्याला एका फेरीला साडेएकोणतीस वर्षं लागतात. मंद्र सप्तक म्हणजे खालचं, आणि बाजार खाली गेला की मंदी. तिन्ही एकच. विषय संपला. 😀

पाटणादेवी_रोड (चाळीसगाव)

तिरकीट, विषय इतक्या लवकर संपवू नका हो. मंद आणि मंदी एका घरचे, शनीही त्यांच्यातलाच. पण मंद्र वेगळा. मंद्र म्हणजे गंभीर, कानाला सुख देणारा. ऋग्वेदात अग्नीला मंद्र म्हटलंय, मंद्रजिह्व म्हटलंय. अग्नी काही मंद नाही! मंद्र सप्तकात गाणारा हळू गात नाही, खोल गातो. शाळेत संस्कृत शिकवते, एवढी खोड माफ करा.

रोखपालकाका, आता तुमचा ग्रह. तक्ता टाकणाऱ्या गृहस्थांना सांगा की शब्दाच्या आत ग्रहगोल नाही, क्रियापद आहे. 'ग्रह्' म्हणजे घेणं, धरणं. जो माणसाला धरतो, पकडतो असं लोक मानायचे तो आकाशातला ग्रह. चंद्रसूर्याला धरलं की ग्रहण. मनाने आधीच काही धरून ठेवलं की पूर्वग्रह. आणि गाणं जिथून हाती घ्यायचं तो ग्रह स्वर. भरताच्या नाट्यशास्त्रात जातींची (म्हणजे रागांच्या आधीच्या स्वररचनांची) दहा लक्षणं दिली आहेत: ग्रह, अंश, तार, मंद्र, न्यास, अपन्यास, अल्पत्व, बहुत्व, षाडव, औडुव. त्यात शनी-मंगळ कुठे बसवणार? तालातही ग्रह आहे: सम, विषम, अतीत, अनागत. गाणं आणि ताल एकमेकांना कुठे गाठतात त्याची ही नावं.

बँकेतला ग्रह तुम्हाला सापडला नाही, पण तो रोज तुमच्या खिडकीसमोर उभा होता. ग्राहक! त्याच धातूचा. त्याचाच घरगुती अवतार गिऱ्हाईक. जसा ग्रहणाचा गिऱ्हाण. माझी आजी सांगायची, ग्रहण लागलं की गल्लीतून आरोळी यायची: "दे दान, सुटे गिऱ्हाण!"

आता खरी गंमत, आणि ती माझ्या घरापासून वीसेक किलोमीटरवर आहे. पाटण्याच्या देवीच्या देवळात एक शिलालेख आहे. भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, हा यादव राजा सिंघणाच्या दरबारचा ज्योतिषी. (चांगदेव पासष्टीवाले चांगदेव वेगळे, दरवर्षी वर्गात कुणीतरी विचारतंच.) त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला आणि यादवांचा इथला मांडलिक, निकुंभ वंशाचा सोइदेव, याने त्याला दान दिलं. दानाची वेळ कोरलेली आहे: शके ११२८, श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहणसमयी. इंग्रजी तारीख ९ ऑगस्ट १२०७. वरचा मजकूर संस्कृत, पण दानाचा तपशील आला की लेख एकदम मराठीत उतरतो, कारण तो बाजारातल्या लोकांना कळायला हवा. या पाटणात जो माल विकायला उघडेल त्यावरचा राजाचा कर, "जो राउला होंता ग्राहकापासी तो मढा दीन्हला". राजाला ग्राहकाकडून मिळायचा तो कर मठाला दिला.

बघा, काका. ग्रहणाच्या वेळी, ग्राहकाच्या पैशातून, ग्रहगणिताच्या शाळेला. एकाच दगडावर. मी पोरांना घेऊन जाते तेव्हा त्यांना 'ग्राहकापासी' हा शब्द बोटाने दाखवते. आठशे वर्षांपूर्वीचा शब्द दुकानाच्या पाटीवरच्यासारखा वाचता येतो म्हटल्यावर पोरं गप्प होतात. मग कुणीतरी वडापावची आठवण काढतं.

गाणं राहिलं का? नाही राहिलं. त्याच सिंघणाच्या देवगिरीत शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. तुमच्या वहीतले ग्रह, अंश, न्यास तिथे सविस्तर आहेत. आणि हा शार्ङ्गदेव पोटापाण्याला काय करत होता? यादवांच्या 'श्रीकरणात', म्हणजे हिशेब-दप्तराच्या खात्यात होता. वडील सोढल यांनाही श्रीकरणाधिपती म्हटलंय. पुढे हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, त्याच पदावर होता. म्हणजे गाण्यातला एवढा मोठा ग्रंथ तुमच्यासारख्याच वहीखात्याच्या माणसाने लिहिला.

'करण' हाही तुमच्या यादीतला शब्द होईल. श्रीकरण हिशेबाचं, पंचांगातलं करण म्हणजे अर्धी तिथी, गणिताची सोपी पोथी ती करणग्रंथ, भास्कराचार्यांचंच 'करणकुतूहल' आहे, आणि नाट्यशास्त्रातली नृत्याची १०८ करणं. कुलकर्णी त्याच करणातले.

न्यास: नि + अस्, खाली ठेवणं. स्मृतिग्रंथांत न्यास म्हणजे विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेली ठेव. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात मुलीला सासरी धाडल्यावर कण्वांना कसं वाटतं? "प्रत्यर्पितन्यास इवान्तरात्मा", कुणाची ठेव परत केल्यासारखं मोकळं. गवई स्वर खाली ठेवतो तोही न्यास. तुम्ही ठेव विभागात होतात का कधी?

अंशदानग्रस्त_गुरुजी

'अंश'बद्दल मी बोलतो. माझी नेमणूक २००६ ची. १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे लागलेल्या आम्हा लोकांना 'परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना' लागू झाली होती. आकाशात ३६० अंश, अंशाच्या ६० कला, कलेच्या ६० विकला. आमच्या पगारातून कापलेला अंश कित्येक महिने खात्यावर दिसतच नव्हता, नुसती विकला. जुनी पेन्शनवाल्यांनी या धाग्यावर हसू नये.

निवृत्त_रोखपाल (मिरज)

गुरुजी, मी जुनी पेन्शनवाला, म्हणून गप्प बसतो.

ताई, तुमचं उत्तर प्रिंट काढून घेतलं. हो, सात वर्षं ठेव विभागातच होतो. मुदत संपलेल्या पावतीचे पैसे हातात पडले की म्हातारी माणसं एकदा मोजायची, मग परत मोजायची, आणि बहुतेक वेळा तिथेच म्हणायची, "परत ठेवा." कण्व मुनींसारखा मोकळा मी फक्त शुक्रवारी सहाला व्हायचो, कॅश टॅली झाली तर.

काल क्लासला गेलो. देसकार. धैवतावर आलो आणि तिथे स्वर लांबवायच्या ऐवजी खाली ठेवला, काउंटरवर एखाद्याची पावती ठेवावी तसा, न आपटता. बाईंनी पेटीवरचा हात उचलला नाही. पुढच्याच तानेत भूपात गेलो, ते सोडा. पण तक्तेवाल्या गृहस्थांना ग्राहक-गिऱ्हाईक सांगितलं. त्यांचं किराणा दुकान आहे. थोडा वेळ विचार करून म्हणाले, "म्हणजे गिऱ्हाईक हाच माझा शनी." तक्ता ग्रुपवर अजून आहे.

टेलवाले भाऊ, 'लाभ'पासून मोजणं आमच्याकडे सांगली मार्केट यार्डाच्या जुन्या हमालांकडून मीही ऐकलंय. नोटांना मात्र ते चालायचं नाही. लाभ, दोन, तीन करत शंभराचं बंडल मोजलं असतं तर साहेबांनी तिथेच मेमो दिला असता.

ताई, एक विचारायचं राहिलं. कला म्हणजे विकलेची मोठी बहीण, चंद्राची कला, आणि गाण्याची कला. बँकेतली कला कुठे आहे का?

पाटणादेवी_रोड (चाळीसगाव)

आहे ना. तालाच्या दहा प्राणांत, म्हणजे घटकांत, एक 'कला' आहे, ती आधी यादीत घाला. आणि बँकेतली म्हणजे 'कलांतर', संस्कृतात व्याज! भास्कराचार्यांच्या लीलावतीत गणित आहे: शेकडा पाच दराने वर्षाअखेर मुद्दल आणि कलांतर मिळून हजार झाले, तर मुद्दल किती, कलांतर किती? अमावस्येनंतर चंद्र कलेकलेने वाढतो, मला तर व्याज तसंच वाढताना दिसतं. सोडवा, काका.

निवृत्त_रोखपाल (मिरज)

पहिल्या झटक्यात ९५२ रुपये ३८ पैसे आणि ४७ रुपये ६२ पैसे काढलं. सवयीने दर सालाचा धरला!

पाटणादेवी_रोड (चाळीसगाव)

दर महिन्याचा असतो, काका. शेकडा पाच, दरमहा.

निवृत्त_रोखपाल (मिरज)

दरमहा?! म्हणजे द.सा.द.शे. साठ! मग मुद्दल ६२५, व्याज ३७५. ताई, ही तर सावकारी झाली. हा दर आमच्या ब्रँचच्या बोर्डावर खडूने लिहिला असता तर ठेवी ठेवायला नोव्हेंबर १६ पेक्षा मोठी रांग लागली असती.

श्रावण पौर्णिमेच्या सुमारास चाळीसगावला यायचा विचार आहे. पाटण्यापर्यंत गाडी जाते का, की गुडघ्यांचा हिशेब आधी मांडून ठेवू?

पाटणादेवी_रोड (चाळीसगाव)

देवळाजवळपर्यंत जाते. पण पावसाळ्यात नाल्याला पाणी असतं, निघण्यापूर्वी इथे एकदा विचारा. आणि दुर्बीण आणू नका, श्रावणात ढगच दिसतील. तंबोऱ्याचं ॲप मात्र चालेल, त्या देवळात आवाज छान घुमतो.

टेलचा_शेतकरी

ताई, आम्हालाही सांगा, पखवाज घेऊन येतो. बाकीचं रात्री वाचतो. आत्ताच फोन आला, आवर्तन सुटलंय.